ताईचे बूट

ताई नोकरीसाठी परगावी गेली आणि धाकटीचा फुटबॉलमधला भिडू गेला. ताईचे जुने बूट तिच्याच खोलीच्या दारात फाकवून ठेवायचे, जणू ताईच पाय रोवून उभी आहे, आणि डाव्या पायानं चेंडू मधून काढायचा, असा धाकटीचा रोजचा सराव. गोल झाला की चेंडू रिकाम्या खोलीत पलंगाखाली जाई, आणायलाही तीच. पुष्कळ महिन्यांनी ताई दुपारपुरती आली. “थांब दारात, पायांतून गोल काढते बघ!” धाकटीनं जीव एकवटून चेंडू मारला. ताईनं पटकन पाय जुळवले, चेंडू अडला. “ए, पाय का हलवलेस? तुझे बूट दारात मांडते, ते कधी हलत नाहीत!” “वेडाबाई, बूट हलत नाहीत, मी हलते!” ताई हसली, आणि संध्याकाळी गेलीसुद्धा. धाकटीनं पुन्हा बूट दारात मांडले. या वेळी एकमेकांना चिकटवून. हलकेच मारलेला चेंडू बुटांवर अडला आणि घरंगळत तिच्या पायाशी परत आला.