पहिल्या पानावरचा माहूत

पहिल्याच पानाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'माहूत'. सुधाकररावांनी पुस्तक फाडकन मिटलं.

"शारदा, कोण्या मेल्यानं खुनी सांगून टाकला पाह्य."

शारदाबाई चुलीपुढून उठून आल्या. पान पाहताच त्यांचा चेहरा उतरला. "माझंच लक्ष नव्हतं," त्या पुटपुटल्या. "तुम्ही आणलं तेव्हाच चाळून पाह्याले पाह्यजे होतं."

"तुहा काय दोष त्याच्यात? तू काय वाचनालयाची पहारेकरी हायेस?"

रहस्यकथांमधला रायाजी कोतवाल म्हणजे सुधाकररावांचा जीव की प्राण. यादवांच्या देवगिरीत खून पडायचे आणि हा रायाजी प्रत्येक पुस्तकात एक खुनी हुडकून काढायचा. बुलढाण्याच्या कोर्टात तीस वर्षं रेकॉर्डची धूळ खाल्लेल्या माणसाला पेन्शनीत दुसरं काय हवं? पत्त्यांचा नाद नाही, देवळातसुद्धा बायको ढकलेल तेव्हाच जायचं. पण बुधवारी रायाजी हातात पडला नाही, तर घरात कुणाची खैर नसायची.

आणि गुरुवारी रमाकांत यायचा. तोही कोर्टाच्या रेकॉर्डरूममधलाच, धाड गावाकडचा. आता शेती बघायचा आणि एसटीनं येताना पेरू, बोरं, हरभऱ्याच्या डहाळ्या, जे असेल ते पिशवीत घालून आणायचा. मग सुधाकरराव त्याला अर्धं पुस्तक रंगवून सांगायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, "सांग, खुनी कोण?" रमाकांत डोकं खाजवायचा आणि हटकून गोष्टीतल्या सगळ्यात गरीब माणसाचं नाव घ्यायचा. सुधाकररावांना त्या क्षणी जे सुख व्हायचं, ते त्यांना कधी पगारवाढीनंही झालं नव्हतं.

आज गुरुवारच होता. आज सांगायला काही उरलंच नव्हतं.

सुधाकररावांनी चष्मा पुसला आणि पुस्तक उजेडात धरलं. रायाजीनं केला असता तसाच तपास त्यांनी केला. वाचनालयाचा पुंजाजी 'साहेब, नवीनच आलं' म्हणाला होता, पण कोपऱ्यातला कागद खोडरबरानं घासून पातळ झाला होता. म्हणजे हा भामटा लिहितो, पुसतो आणि पुन्हा लिहितो. जागा पाहिली, तेव्हा तर ते ताठच बसले. उजवा कोपरा, पेन्सिल, एकच शब्द. केस संपली की फाइलच्या पहिल्या पानावर निकाल असाच टिपून ठेवायची पद्धत त्यांच्या रेकॉर्डरूममध्ये होती. पुढच्याला सगळा गठ्ठा सोडावा लागू नये म्हणून. ही पद्धत अंगात मुरलेली माणसं अख्ख्या बुलढाण्यात दोन.

मग त्यांना आणखी एक गोष्ट सुचली. इतकी वर्षं न चुकता चुकायला माणसाला आधी बरोबर उत्तर ठाऊक असावं लागतं.

रमाकांत आला. पिशवी शारदाबाईंच्या हाती देऊन नेहमीसारखा खाटेवर टेकला. "हं, काय म्हन्ते तुहा कोतवाल?"

सुधाकररावांनी उघडं पान त्याच्यापुढं सरकवलं. "हे तू लिवलं?"

रमाकांतनं पान पाहिलं. मग शारदाबाईंकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

"जाऊ द्या न आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दुसरं पुस्तक आणू."

"तू मधात बोलू नको. रमाकांत, मी तुले इचारून राह्यलो."

"हाव," रमाकांत खाली मान घालून म्हणाला. "म्याच लिवलं. गंमत केली, सुधाकर."

"आन् दर गुरुवारी माह्यापुढं सोंग करत होता?"

"ते... हाव. करत होतो."

भावापेक्षा जवळचा म्हणून ज्याला मानलं, त्यानं म्हातारपणाच्या एकुलत्या एका आनंदात माती कालवावी, हे सुधाकररावांना सोसवेना. "निघ. ह्या घरात पाऊल ठेवू नको."

रमाकांत उठला. दारात क्षणभर घुटमळला आणि गेला.

पण सुधाकरराव कोर्टातला माणूस. नुसत्या कबुलीवर केस बंद करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कागद पाहिजे. पुराव्यासकट तक्रार करून रमाकांतचं नाव वाचनालयातून कमी करायचं, असं ठरवून त्यांनी टोपी घातली. शारदाबाई आडव्या आल्या, हात धरला, शपथ घातली. ते ऐकेनात, तेव्हा त्याही पायांत चपला सरकवून मागोमाग निघाल्या.

पुस्तक नेताना वाचकानं चिठ्ठीवर सही करायची आणि पुंजाजीनं ती त्या पुस्तकाच्या नंबरच्या दोऱ्यात ओवायची, असा वाचनालयाचा रिवाज होता. सुधाकररावांनी नंबर सांगितला.

"साहेब, कशाले पाह्यता?" पुंजाजी म्हणाला. "बसा, च्या सांगतो."

"दोरा काढ, पुंजाजी."

पुंजाजीनं शारदाबाईंकडं पाहिलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. शेवटी त्यानं खिळ्यावरून दोरा उतरवला आणि टेबलावर ठेवला. सुधाकरराव सवयीनं खालून वर, तारखेवारीनं चिठ्ठ्या उलटू लागले. पहिली एकोणीसशे पासष्टच्या श्रावणातली, शेवटची कालची. मधे दहा.

रमाकांतचं नाव एकाही चिठ्ठीवर नव्हतं. बाराही सह्या सुधाकररावांच्या होत्या, आणि कालची सोडली तर एकही केल्याचं त्यांना आठवेना.