तिसरी खोली

जुम्म्याची नमाज आटोपून जलाल खोलीवर आला. त्याने आधी एसी बंद केला आणि मगच लेकीचा व्हिडिओ कॉल घेतला.

"अब्बा, वही घेतलीत?" लेस्टरहून रुमाना विचारत होती. "मी आणि नदीम उद्या घराला होकार कळवणार. त्याआधी महिन्याची बिलं धरून बघू. तुम्हीच म्हणालात ना निकाहात, पहिल्या वर्षाची बिलं माझी!"

म्हणाला होता. भर मांडवात, चारचौघांत. 'वीज-पाण्याला लागतं असं किती?' जेद्दाच्या अझीझियात सत्तावीस वर्षं दुकानाच्या खोलीत राहिलेला माणूस. वीज दुकानाची, पाणी दुकानाचं. मीटर कुठल्या भिंतीवर आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. गेल्या महिन्यात दुकानांत सौदीच नेमायचा हुकूम निघाला, त्याच्या जागी सौदी माणूस बसला, आणि खोलीचं बिल पहिल्यांदा जलालच्या हातात आलं. ते बिल आणि देश सोडायचा एक्झिटचा कागद बायकोने, बिलकिसने, उशीच्या अभ्र्यात घालून ठेवले होते. लेकीला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टी, एकशे वीस पौंड," रुमाना वाचू लागली. "पाणी तीस. टीव्हीचं लायसन बारा."

"टीव्ही बघायलाही लायसन? मग खिडकीतून बाहेर बघायचे किती घेतात?"

रुमाना खळखळून हसली. जलालही हसला, पण पेन वहीवर टेकलं नाही. मनातल्या मनात तो पाचाने गुणत होता. रियाल चढत होते, घाम भुवईत उतरत होता.

"गॅस आणि वीज, थंडीत दीडशे."

"दीडशे? अगो बाय, रजया कशाला असतात? दोन जाडजूड घ्या."

"अब्बा! माझ्या लग्नात एका बांगडीचा भाव केला नाहीत तुम्ही. आज हीटरवरून घासाघीस?"

दाराशी तांदूळ निवडणाऱ्या बिलकिसचा हात ताटात थांबला.

"तसं नव्हे गो. तीन खोल्या ना तुमच्या? तिसरी रिकामीच. तिचा हीटर बंदच ठेव."

"रिकामी कशी? ती तुमची आहे. तुमची आणि अम्मीची."

घर अजून घेतलंही नव्हतं, उंबऱ्याला लेकीचं पाऊल लागलं नव्हतं, आणि बापाने त्यातली ऊब काढून घेतली होती. जलालने मान खाली घातली. वहीच्या कोऱ्या पानावर घामाचा थेंब पडला.

रुमानाचा चेहरा पडद्याजवळ आला.

"एसी बंद आहे तुमचा?"

"आवाज येतो ना त्याचा. तुझं बोलणं कळत नाही."

"मागच्या जुम्म्याला तर कळत होतं."

मग तिकडे कागदावर काहीतरी खोडल्याचा आवाज आला. एकच रेघ, लांब.

"हीटर तिन्ही खोल्यांचा धरलाय," रुमाना म्हणाली. "बिलं आम्ही दोघं भरू." "अम्मी, अब्बांना एसी लावून दे गो."

बिलकिस उठली. थंड हवेचा पहिला झोत अंगावर आला तसं जलालने तोंड भिंतीकडे फिरवलं. लेकीला दिसलंच काही, तर मानेवरचे पांढरे केस दिसावेत, भरलेले डोळे नकोत.