यजमानांचा तंबाखू

“हाही नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी डबा काउंटरवरून परत सरकवला.

दुकानदाराने तो मागच्या फळीवर ठेवला. चॉकलेटच्या वासाचा पाइपचा तंबाखू त्याच्याकडे सात प्रकारचा होता. चार हुंगून झाले होते. दुपारची वेळ, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही. पस्तिशीच्या बाईने एकेका डब्यात नाक खुपसून बसावं, हे काही रोजचं दृश्य नव्हतं.

“नाव वगैरे काहीच आठवत नाही?”

“डबा मी कधी पाहिलाच नाही, काका. ते चामड्याच्या पिशवीत सुटा आणायचे. कुठून आणता विचारलं की नुसते हसायचे. वास मात्र पाठ आहे मला.”

“यजमान आता...?”

“गेले. दोन वर्षं झाली.” बाई तराजूकडे बघत होत्या. “सकाळी नेहमीसारखा चहा घेतला. दुपारी मी कामावरून आले, तर सगळं संपलेलं.”

दुकानदाराने हातातल्या डब्याचं झाकण लावलं. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तिची शाल त्याने पेटीत जपली होती, अधूनमधून काढून हुंगायचा. एक दिवस शालीला नुसता पेटीचा वास आला. बायको दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटून तो त्या दिवशी जेवलाही नव्हता.

“असं नाही कळायचं, ताई,” तो एकदम म्हणाला. “डब्यातला वास वेगळा, धुराचा वेगळा. तुमच्या घरात भरून राहायचा तो धूर. बसा तुम्ही.”

त्याने तीन पाइप काढले, उरलेल्या तीन डब्यांतला तंबाखू एकेकात बोटाने हलकेच दाबून भरला आणि पहिला पेटवला.

“फार गोड,” बाई म्हणाल्या. “हा तर केक भाजल्यासारखा वाटतोय.”

“यात व्हॅनिला आहे. नवशिक्यांचा माल.”

दुसऱ्यात कडक पानांवर कोको नुसता शिंपडलेला होता. सुरुवातीला चॉकलेटचा वास बरा आला. मग बाईंनी पदर नाकाला लावला.

“काका, घोंगडं जळतंय का कुठे?”

दुकानदार खो खो हसला. “खरं सांगू? माझंही हेच मत आहे. पण खपतो!”

बाईही हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारख्या.

“मुलंबाळं?” तिसरा पाइप पेटवत त्याने विचारलं.

“एक मुलगी. पुढच्या महिन्यात आठवं पूर्ण होईल.”

“बाबांची आठवण काढत असेल.”

तिसरा धूर एव्हाना बाईंपर्यंत पोचला होता. या मिश्रणातली पानं कोकोच्या टरफलांत महिनाभर मुरवलेली होती. वास काळपट, कडवट, साखरेचा लवलेश नसलेला. बाईंनी डोळे मिटले.

“जवळ आलोय आपण. अगदी जवळ. पण काहीतरी कमी आहे. शेवटी एक असं... दाढ दुखली की लावतात ना, तसं काहीतरी यायचं.”

“लवंग!” दुकानदाराने काउंटरवर थाप मारली. “अहो, आधी नाही का सांगायचं! लवंग घातलेला मी फक्त मागणीवरून करून द्यायचो. पाच-सहा जण न्यायचे. काही देवाघरी गेले, काहींना डॉक्टरांनी सोडायला लावला. आता एकच उरलेत.” त्याने काउंटरखालून अर्धवट बांधलेलं पार्सल काढलं. “हे त्यांचंच.”

बाई वाकल्या. एकदा श्वास घेतला, पुन्हा घेतला. काउंटरची कड त्यांनी घट्ट धरली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि त्यातच त्या हसतही होत्या.

“हाच. हाच, काका.”

दुकानदाराने पाण्याचा पेला पुढे केला. “म्हणजे यजमान माझ्याच दुकानात यायचे तर! कसे होते दिसायला?”

“चारचौघांसारखे.” बाईंनी डोळे पुसले. “आणि हे कोण, ज्यांचं पार्सल आहे?”

“पूर्वी येऊन न्यायचे. आता लांब बदली झाली, टपालाने मागवतात. दर दोन महिन्यांनी कार्ड येतं, न चुकता. हा एकच शौक सुटत नाही म्हणतात.” त्याने पार्सलमधून चिमूटभर तंबाखू काढून कागदाच्या पुडीत बांधला. “घ्या. त्यांना काय कळतंय!”

बाईंनी पुडी पर्समध्ये ठेवली. “पार्सल द्या इकडे. पोस्टावरूनच जातेय मी.”

“छे छे, तुम्हाला कशाला त्रास?”

“एवढं केलंत माझ्यासाठी. तेवढं तरी करू द्या.”

पोस्ट चढावर होतं आणि दुकानदाराचे गुडघे सकाळपासून कुरकुरत होते. त्याने मोठ्या ठळक अक्षरात पत्ता लिहिला, चिकटवला आणि पार्सल बाईंच्या हातात दिलं. त्या वळेपर्यंत तो दारात उभा राहिला. आपल्या शालीचा वास गेला तो गेला, पण कुणाला तरी त्यांचं माणूस श्वासाएवढं का होईना, परत मिळालं होतं. त्याला फार हलकं वाटलं.

वळणापलीकडे गेल्यावर बाई थांबल्या. पर्समधली पुडी काढून त्यांनी गटारात भिरकावली. पार्सलवरचा पत्ता दोनदा वाचला. मग फोन लावला.

“साहेब, पत्ता मिळाला! नाव दुसरं लावलंय, पण माझा नवरा तोच आहे. पार्सल मी पोस्टात टाकते, त्याला संशय यायला नको. तुम्ही फक्त आधी माझ्या मुलीला त्या घरातून बाहेर काढा, मग त्याला पकडा.”