जाईचा तीळ

वृषालीने नुकत्याच न्हालेल्या दोन्ही जुळ्या मुलींना खिडकीच्या उजेडात धरलं, दोघींचे गाल निरखले, आणि हातातला पंचा खाली टाकला.

"आत्या, आज अंघोळीला काय लावलंत?"

"तुतीचं उटणं. ते नवं, प्रयोगशाळेत वाढवलेल्या तुतीचं," नवऱ्याची आत्या म्हणाली. "एका अंघोळीत डाग कायमचा जातो. गल्लीत कुणाच्या अंगावर ठिपका तरी उरलाय का आता? मुलीची जात, गालावर एवढा काळा तीळ. पुढे कोण करून घेणार होतं?"

"त्या तिळावरूनच मी जाईला ओळखत होते. आता यातली केतकी कुठली, सांगा बघू."

आत्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "डॉक्टरांना विचार."

"डॉक्टर काय सांगणार, कपाळ? दोघींचं रक्तसुद्धा सारखंच आहे."

वृषालीने काजळाची डबी उघडली. तिचं बोट बराच वेळ एकीकडून दुसरीकडे फिरत राहिलं. शेवटी तिने डावीकडच्या मुलीच्या गालावर ते टेकवलं.

"ही जाई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच खोटा वाटला.

आत्या पदराचं टोक ओलं करून पुढे सरकली.

"फार मोठा झालाय गं. कडेने जरा पुसून देऊ?"