ब्रेकचा दिवा

लाल स्पोर्ट्स कारचा ब्रेकचा दिवा काही केल्या लागेना. धाकट्या मेकॅनिकने बल्ब बदलला, फ्यूज बदलला, पेडलचा स्विचसुद्धा नवा टाकला. दिवा ढिम्म.

थोरला भाऊ वारल्यापासून गॅरेजची रयाच गेली होती. गिऱ्हाइकं तुटली, ही एकच गाडी उरली होती. "गाडी कसली, बूट आहे बूट! बसायचं नाही, पायात चढवायची," असं म्हणत थोरला कण्हत-कुथत आत शिरायचा. तो पेडल दाबायचा आणि धाकटा मागे उभा राहून दिवा बघायचा.

आजही धाकटा सवयीने मागे गेला आणि ओरडला, "दादा, दाब!"

त्याने जीभ चावली.

दिवा लागला.

गॅरेजभर ऊन पडलं होतं. काचेतून रिकामी सीट लख्ख दिसत होती.

"सोड," तो कसाबसा म्हणाला.

दिवा विझला.

वायर लूज असणार, दुसरं काय! मनाची अशी समजूत घालत तो आत शिरला आणि पेडलवर पाय ठेवला. दार आपसूक मिटलं.

गाडीच्या मागून हाक आली. आवाज त्याचा स्वतःचाच होता.

"दादा, दाब!"