पुढचा घोट

"गेलं खाली?" डॉक्टरांनी विचारलं.

म्हातारा प्लंबर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसला होता. हातात पाण्याचा पेला. एक घोट घेऊन झाला होता आणि तोंड रिकामं होतं. तरी त्याने विचार केला.

"माहीत नाही," तो म्हणाला.

डॉक्टर हसले. आदल्या दिवशी त्यांनी त्याच्या तोंडातून दुर्बीण घालून, अन्ननलिकेच्या तळाशी आवळून बसलेला स्नायू आतल्या आत कापला होता. बाहेर टाका नाही की खूण नाही. सकाळी औषध पाजून फोटो काढला, तर ते सरळ पोटात उतरलेलं दिसलं. आता फक्त माणसाने हो म्हणायचं राहिलं होतं.

"छातीत दुखतंय?"

"नाही."

"अडकल्यासारखं वाटतंय?"

"नाही."

"मग गेलं की! तुमच्याच भाषेत सांगतो काका, पाइप मोकळा केलाय."

"पाइप मोकळा झाला की आवाज येतो," प्लंबर म्हणाला.

"इथे नाही येत आवाज. तुम्हालाच कळायला हवं."

"ते हिला कळायचं."

डॉक्टरांनी खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. "मग तुम्ही सांगा."

"मला नाही, आईला," मुलगी म्हणाली. "जेवताना आई बाबांच्या शेजारी बसायची, पाठीवर हात ठेवून. घास उतरला की म्हणायची, 'गेलं हो, घ्या पुढचा.' मग हे पुढचा घ्यायचे."

"प्रत्येक घासाला?"

"प्रत्येक घासाला. आमची भांडी घासून व्हायची, तरी यांचं ताट अर्ध्यावर आणि दोघांच्या गप्पा चालूच."

"आणि आता?"

"आता आई नाहीये."

डॉक्टर खुर्ची ओढून प्लंबरच्या समोर बसले.

"हे बघा काका. उतरलेलं तुम्हाला कळत नसेल, तर उद्या अडकलेलंही कळायचं नाही. तसेच खात राहिलात आणि आडवे झालात, तर ते फुप्फुसात जाईल. मग मी तुम्हाला घरी एकटं सोडायचं कसं? मुलीकडे राहावं लागेल."

प्लंबरला ते नको होतं. मुलीचं घर चांगलं होतं, जावई तर त्याहून चांगला. पण तिथे तो सोफ्याच्या टोकावर बसायचा आणि पाणीसुद्धा विचारून घ्यायचा.

"थोड्या वेळात सूप येईल," डॉक्टर उठत म्हणाले. "तुमचं तुम्ही प्या. संध्याकाळी मला नक्की काय ते सांगा."

ते गेल्यावर मुलगी येऊन शेजारी बसली. तिने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. नक्की कुठे ठेवायचा, ते तिला ठाऊक नव्हतं. तिने तो जरा खाली घेतला, मग पुन्हा वर.

"घ्या बाबा घोट. मी आहे ना."

त्याने घोट घेतला.

"गेलं," मुलगी म्हणाली.

त्याने फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं.

"अजून तोंडातच आहे?"

त्याने मान डोलावली. तिला हसू फुटलं. मग त्यालाही आलं आणि सगळं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"खेळ चाललाय वाटतं बापलेकीचा," सूप घेऊन आलेली सिस्टर म्हणाली. "कोमट आहे. सावकाश घ्या. आणि ताई, खालून औषधं आणायचीत तुम्हाला."

"मी येईपर्यंत सुरू नका करू हं," मुलगी जाताना म्हणाली.

दार लागलं. प्लंबरने वाटीकडे पाहिलं आणि एक चमचा तोंडात घातला.

तो थांबला. कुणी काही म्हणेना. छातीच्या मधोमध जिथे घास मुठीसारखा बसून राहायचा, तिथे त्याने मनाने चाचपून पाहिलं. तिथे काही नव्हतं. सवयीने त्याने मान ताणली, पाठ सरळ केली. ढकलायलाच काही नव्हतं. सूप उतरलं, की त्याला सापडत नाही अशा कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसलं, त्याला कळेना.

त्याने दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. आता सगळं साठेल आणि एकदम वर येईल, असं त्याला वाटत होतं. दर चमच्याला तो पलंगाची कड घट्ट धरायचा. वर काहीच आलं नाही. शेवटी चमचा वाटीच्या तळावर खरवडला.

मुलगी परत आली.

"सूप कुठंय?"

"संपलं."

तिने बेसिनमध्ये पाहिलं. ते कोरडं होतं. मग वाकून पलंगाखाली पाहिलं, कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

"बाबा, ओतून दिलंत ना? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"प्यायलो."

"एवढ्यात?"

"मलाही तेच कळत नाहीये."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "मग डॉक्टरांना काय सांगणार?"

"जातंय म्हणून सांगतो."

"नक्की?"

"कुणी सांगितलं नाही मला. पण जातंय."

ती खुर्चीत बसली. डोळे पुसले आणि सकाळपासून तसाच पडलेला आपला डबा उघडला. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने एकामागून एक घास. मध्ये कुठे थांबणं नाही. तो बघत होता. पाणी पिऊन तिने डब्याला झाकण लावलं.

"झालं तुझं?" त्याने विचारलं.

"झालं."

"सगळे एवढ्यातच उठतात?"

"एवढ्यातच. का हो?"

त्याने बंद डब्याकडे पाहिलं.

"मग बोलतात कधी?"