कवीच्या अंगणातली बादली

दर शनिवारी गाईड तुल्लिओ साहित्यप्रेमींची बस टेकडीवर चढवायचा आणि कविपत्नी एर्सिलियाच्या अंगणात रिकामी करायचा. कवी जाऊन बारा वर्षं झाली होती. आता त्याचं नाव पुस्तकांपेक्षा वाइनच्या बाटल्यांवरच जास्त दिसायचं.

"याच वाइनच्या घोटाघोटातून त्यांना कविता सुचली!" याही शनिवारी तुल्लिओ ठरलेल्या वाक्यावर गहिवरला. पाहुण्यांनी पेले फिरवले, हुंगले, चूळ भरल्यासारखी वाइन तोंडात घोळवली आणि जाणकारासारख्या माना हलवत, चव घेऊन न गिळण्याच्या रीतीप्रमाणे, मधे ठेवलेल्या बादलीत थुंकली.

"आजी, त्यांची आठवण येत असेल ना?" एकीनं डोळे पुसत विचारलं.

"येते तर!" एर्सिलिया बादलीकडे बघत म्हणाली. "ही वाइन थुंकताही येते, हे त्याला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर चार कविता कमी झाल्या असत्या; पण आज दार त्यानंच उघडलं असतं."